रॉडची पिन पुन्हापुन्हा तुटते: एसआरपी विहिरीतले जॉइंट कसे टिकवायचे?

शिफ्ट_इंचार्ज

नमस्कार मंडळी. मेहसाणा पट्ट्यातल्या एका एसआरपी (सकर रॉड पंप, म्हणजे रॉडची माळ वर-खाली करून तेल उपसणाऱ्या) विहिरीबद्दल विचारायचं आहे. पंप १२५० मीटरवर, ट्यूबिंग २ ७/८ इंची, रॉड ७६ टेपर, म्हणजे वर ७/८ आणि खाली ३/४ इंची. सगळे डी ग्रेडचे (हा ताकदीचा एक दर्जा), नवे. तेल जड, मिनिटाला ६ स्ट्रोक. ३/४ च्या भागात पिन (रॉडच्या टोकाचा आटेदार भाग) तुटते आहे, आणि तीही आट्यांत नाही, तर आटे आणि खांदा यांच्यामधल्या बारीक मानेत. तुटलेल्या तोंडावर साधारण एक तृतीयांश भाग गुळगुळीत अर्धचंद्रासारखा, बाकीचा खरबरीत. त्याच जॉइंटच्या कपलिंगचं (दोन पिन जोडणाऱ्या नळीचं) तोंड एका बाजूला चकचकीत आणि दुसऱ्या बाजूला काळं.

पुरवठादार म्हणतो टाँग (रॉड आवळायचं यंत्र) नीट लावला नाही. रिगवाले म्हणतात माल खराब. जॉइंट आवळण्याची नेमकी पद्धत काय आणि कुठे काय चुकतं, ते जाणकारांनी सविस्तर सांगावं. मी आधी मुंबई हायच्या बाजूला होतो, तिथे गॅस लिफ्ट, म्हणजे गॅस सोडून तेल वर आणणं. रॉडशी संबंध इथेच आला.

टूलरूम

तुम्ही दिलेल्या वर्णनातच बरंचसं उत्तर आहे. गुळगुळीत अर्धचंद्र म्हणजे फटीग. तडा एका बाजूला सुरू झाला, दर स्ट्रोकला थोडा थोडा पुढे सरकला आणि उरलेलं लोखंड एका क्षणी फाटलं. माल खराब असला तरी तडा जाऊ शकतो, पण कपलिंगच्या तोंडाची एक बाजू चकचकीत दिसते याचा अर्थ पिनचा खांदा आणि कपलिंगचं तोंड विहिरीत एकमेकांवर घासत होते. काळी बाजू तेलाने भरलेली होती, म्हणजे तिथे फट होती. जॉइंट ढिला होता, किंवा आधी घट्ट होता आणि नंतर ढिला झाला.

रॉडचा जॉइंट आट्यांवर टिकतो असं बहुतेकांना वाटतं. आटे फक्त आवळण्यापुरते. जॉइंट टिकतो तो खांदा आणि कपलिंगचं तोंड एकमेकांवर किती दाबून बसलेत त्यावर. टाँगने आवळलं की पिनची मान किंचित ताणली जाते आणि कपलिंग किंचित दबतं. हा ताण कायम राहिला तर वर-खाली बदलणाऱ्या भारातला थोडाच हिस्सा पिनच्या वाट्याला येतो. तोंडं जराशी जरी सुटली तर सगळा बदलता भार पिनवर, शिवाय प्रत्येक स्ट्रोकला थोडं वाकणंही तिच्यावरच. मिनिटाला ६ स्ट्रोक म्हणजे दिवसाला ८,६४०, वर्षाला ३१ लाखांवर. इतके हेलकावे ढिली पिन सोसत नाही.

आता हा ताण केवढासा असतो ते बघा. सकर रॉडच्या पिनवर इंचाला १० आटे, म्हणजे पूर्ण एक फेरा फिरवला की २.५४ मिमी सरकतं. नव्या ३/४ डी ग्रेड रॉडला हाताने घट्ट केल्यानंतर परिघावर किमान ९/३२ इंच, म्हणजे सुमारे ७ मिमी फिरवायचं असतं. ३/४ चं फुल साइझ कपलिंग १ ५/८ इंची, त्याचा परीघ १३० मिमीच्या आसपास. म्हणजे एका फेऱ्याचा अठरावा भाग. अक्षाच्या दिशेने ते होतं जेमतेम ०.१४ मिमी.

बारीक वाळूचा एक कण याहून जाड असू शकतो. तोंडावर असा एक कण, रंगाचा पापुद्रा किंवा कपलिंग पडल्यामुळे उठलेली कड राहिली, तर मोजमाप बरोबर येतं पण दाब पडलेलाच नसतो. पहिल्या काही हजार स्ट्रोकमध्ये तो कण चुरडतो आणि जॉइंट मोकळा. वरून बघणाऱ्याला टाँग अगदी बरोबर चाललेला दिसतो. म्हणून माझ्या मते स्वच्छता पहिली, टाँग नंतर.

पंपजॅक

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. पद्धत सांगतो. मूळ आधार एपीआय ११बीआर, म्हणजे रॉडच्या देखभालीची शिफारस.

रॉड ट्रकवरून उतरवताना प्रोटेक्टर (आट्यांवरच्या टोप्या) काढायचे नाहीत. ते जॉइंट करण्याच्या अगदी आधी निघतात, रॅकवर तासन्‌तास उघडे ठेवण्यासाठी नाहीत. कारखान्यातून आलेल्या पिनवर गंज रोखणारा मेणचट थर असतो, तो सॉल्व्हंट आणि ब्रशने पूर्ण धुवायचा. कपलिंगच्या आतले आटेही तसेच. मग धागे न सुटणाऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं आणि खांदा व कपलिंगचं तोंड बोटाने चाचपायचं. डोळ्याला न दिसणारी कड नखाला लागते. कड लागली तर ते कपलिंग बाजूला. विहिरीच्या तोंडाशी उभं राहून कानस मारायची नाही.

वंगण पिनच्या आट्यांवरच, ब्रशने पातळ. तोंडं कोरडी. ट्यूबिंगचं डोप (आट्यांना लावायचं वंगण) इथे वापरू नये, त्यात धातूची पूड असते. वंगण जास्त झालं तर ते कपलिंगच्या आत कोंडतं, जॉइंट आवळल्यासारखा वाटतो आणि खांदा बसलेलाच नसतो.

मग हाताने फिरवायचं. रॉड खांदा तोंडाला टेकेपर्यंत मोकळा फिरायला हवा. मध्येच अडला तर टाँगने ओढायचा नाही. उघडा, धुवा, पुन्हा बघा. दुसऱ्या खेपेलाही अडला तर पिन किंवा कपलिंग रद्द. टेकल्यावर शंका असेल तर ०.०५ मिमीचं फीलर घालून बघा. कुठेही आत जात असेल तर खांदा सरळ बसलेला नाही.

आता खूण. खांद्याच्या कडेपासून कपलिंगवर एक बारीक उभी रेघ. खडूची जाड रेघ नको, तीच दीड-दोन मिमीची असते आणि तेवढीच मोजमापात चूक. टाँग लावल्यावर दोन रेघांमधलं अंतर डिस्प्लेसमेंट कार्डने (किती फिरायला हवं ते आखलेल्या पट्टीने) मोजायचं. नव्या डी ग्रेडसाठी किमान ३/४ ला सुमारे ७.१ मिमी, ७/८ ला ८.७, १ इंचीला ११.१. एकदा वापरून पुन्हा लावलेल्या रॉडला अनुक्रमे ५.६, ७.१ आणि ९.५, कारण पहिल्या आवळणीत आटे आणि तोंडं एकमेकांवर बसून गुळगुळीत झालेली असतात. हे डी ग्रेडचे आकडे. हाय स्ट्रेंग्थ किंवा खास ग्रेड असेल तर उत्पादकाचं कार्ड वेगळं असतं, तेच धरायचं.

कपलिंगला दोन टोकं असतात हे कामाच्या घाईत विसरलं जातं. एक टोक कारखान्यात बसवून येतं. टाँगचा खालचा जबडा खालच्या रॉडच्या चौकोनावर असेल तर जोर दोन्ही टोकांतून जातो, आणि कारखान्याचं टोक ढिलं असेल तर तेही फिरतं. त्या टोकावरही रेघ काढा. ती सरकली तर वरच्या टोकाचं मोजमाप खोटं. १२५० मीटरला ७.६२ मीटरचे साधारण १६४ रॉड लागतात, म्हणजे तीनशेवर पिन. त्यातली एक ढिली राहिली तरी फिशिंगचं, म्हणजे विहिरीत राहिलेला तुकडा काढायचं काम निघतं.

शिफ्ट_इंचार्ज

धन्यवाद! आमच्याकडे टाँगच्या हायड्रॉलिक गेजवर एक ठरावीक दाब लावतात आणि सगळे जॉइंट तेवढ्यावर करतात. कार्ड सुरुवातीला एकदाच. हे चालतं का?

पंपजॅक

नाही चालत. गेज टॉर्क दाखवतं, पिनमधला ताण नाही. त्याच टॉर्कला कोरड्या आट्यांत पिन कमी ताणते आणि वंगण लावलेल्या आट्यांत जास्त. सकाळी पॉवर पॅकमधलं तेल थंड असतं, दुपारी तापतं, टाँगची चाल बदलते. म्हणून सुरुवातीला तेल फिरवून गरम होऊ द्यायचं, मग पहिले ८-१० जॉइंट सगळे कार्डने मोजून टाँग सेट करायचा. त्यानंतर दर १०-१५ रॉडला एक तपासणी. रॉडचा आकार किंवा ग्रेड बदलला, जुन्यावरून नव्यावर आलात, टाँग बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर पुन्हा पहिल्यापासून. ७६ टेपरमध्ये ३/४ वरून ७/८ वर जाताना सेटिंग बदलायचं राहून जातं, तिथे नेमकं लक्ष ठेवा. खालून आलेला टाँग तसाच राहिला तर वरचे ७/८ सगळे ढिले.

एक मात्र नक्की. कमी पडतंय म्हणून पाईप लावून जोर द्यायचा नाही. जास्त आवळलेली पिन मानेत बारीक होते, कपलिंगचं तोंड बाहेर फुगतं. असा जॉइंट दिसायला घट्ट, पण पिन एकदा कायमची ताणली की दाब धरून ठेवत नाही.

डायनाकार्ड

दोघांनीही जॉइंटकडून बघितलं, मी भाराकडून बघतो. बरोबर आवळलेला जॉइंटही विहीर नीट चालवली नाही तर सुटतो, आणि जड तेलाच्या विहिरीत हे हमखास.

सांथाल, बालोल, लानवा, बेचराजी या भागातलं तेल दाट. डाउनस्ट्रोकला रॉड स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवेत, पण घट्ट तेल त्यांना वर धरून ठेवतं. हॉर्सहेड (युनिटच्या बीमचं डोकं) खाली येतो, रॉड मागे राहतात, आणि कॅरियर बार (हॉर्सहेडला टांगलेला, रॉड उचलणारा आडवा बार) क्लॅम्पपासून, म्हणजे रॉडवरच्या पकडीपासून सुटतो. मग अपस्ट्रोक सुरू होताना बार खाडकन क्लॅम्पवर आदळतो. विहिरीपाशी उभं राहिलात तर बार आणि क्लॅम्प यांच्यातली फट डोळ्यांनी दिसते आणि दर स्ट्रोकला एक आवाज येतो. तो धक्का प्रत्येक जॉइंटमधून खाली जातो. उपाय म्हणजे स्ट्रोक संख्या कमी करून स्ट्रोकची लांबी वाढवणं, आणि विहिरीची रचना परवानगी देत असेल तर तेल पातळ करणारं द्रव किंवा उष्णता. ६ स्ट्रोकला फट दिसत असेल तर ४ वर येऊन बघा.

दुसरं, फ्लुइड पाउंड. बॅरल अर्धं भरलेलं असताना प्लंजर खाली येऊन द्रवावर आदळतो. डायनमोमीटर कार्डवर (रॉडवरच्या भाराच्या आलेखावर) डाउनस्ट्रोकला भार उशिरा आणि एकदम तुटल्यासारखा खाली येतो. पाउंड स्ट्रोकमध्ये कुठेही लागला तरी खालच्या रॉडना दाब आणि बाक दोन्ही सोसावे लागतात. टायमर किंवा पंप-ऑफ कंट्रोलर (पंप पुरता भरत नसेल तर युनिट थांबवणारा) लावा, नाहीतर वेग कमी करा. काही ठिकाणी गॅस लॉक (पंपात गॅस अडकणं) सोडवण्यासाठी स्पेसिंग खाली घेऊन मुद्दाम टॅग करत, म्हणजे पंप तळाला आपटवत चालवतात. प्रत्येक टॅग म्हणजे खालून हातोड्याचा घाव. तात्पुरता उपाय कायमचा करू नका.

शिफ्ट_इंचार्ज, तुटलेल्या पिन पंपापासून किती वर होत्या? पंपाच्या वरच्या पहिल्या दहा-पंधरा रॉडमध्ये असतील तर बकलिंगचा संशय घ्या. डाउनस्ट्रोकला तिथले रॉड दाबाखाली येतात आणि ट्यूबिंगमध्ये वाकतात. तिथे १ १/२ इंची सिंकर बार (जाड, जड रॉड) टाकले की वजन खाली येतं आणि वरचे रॉड ताणात राहतात. ते न करता फक्त टाँग सुधारला तर तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी तुटेल, इतकाच फरक.

शिफ्ट_इंचार्ज

दोन तुटल्या त्या पंपाच्या वर चौथ्या आणि नवव्या रॉडला. सिंकर बार नाहीत. कॅरियर बारचा आवाज आहे, हे खरं. उद्या फट बघतो.

डायनाकार्ड

मग तुमच्याकडे दोन्ही कारणं एकत्र आहेत. चकचकीत तोंड ढिल्या जॉइंटचं, जागा बकलिंगची. सिंकर बार टाकताना त्यांच्या पिनचा आकार रॉडशी जुळतो का ते आधी बघा. आणि गुडमन आकृतीवर (फटीगची सुरक्षित मर्यादा दाखवणाऱ्या आलेखावर) वरच्या ७/८ चा भार पुन्हा मोजा, कारण वजन खाली वाढलं की वरच्या रॉडवरचा ताणही वाढतो.

गिअरबॉक्सवाला

विहिरीखालच्या जॉइंटवर बरंच झालं. वर युनिटवरचा एक जॉइंट याहून धोक्याचा, तो म्हणजे क्रँक पिन, क्रँकला पिटमनच्या दांड्याशी जोडणारी. रॉड तुटला तर विहीर बंद पडते. क्रँक पिन सुटली तर पिटमन, इक्वलायझर आणि बीम सगळं खाली येतं, आणि खाली माणूस असू शकतो.

क्रँक पिन निमुळत्या छिद्रात बसते आणि तीही निव्वळ घट्ट बसण्यावर टिकते. पिन आणि छिद्र दोन्ही उघड्या धातूपर्यंत स्वच्छ. रंग, गंज, जुना थर काही नको. शंका असेल तर प्रशियन ब्लू लावून पिन बसवून काढा आणि निळा शिक्का सगळीकडे सारखा उठतो का ते बघा. फक्त एका टोकाला उठत असेल तर पिन आत डुलणार. आधी सैल चाललेल्या छिद्रात पायरी पडलेली असते, तिथे नवी पिन बसवणं म्हणजे तिचाही जीव घेणं. छिद्र रीम करून किंवा स्लीव्ह घालूनच.

नट हॅमर पान्याने आवळून स्प्लिट पिन घालताना भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. मग नट आणि क्रँकवर मिळून रंगाची एक सरळ रेघ. ही रेघ रोज लांबूनही दिसते. नवी पिन किंवा स्ट्रोक बदलल्यावर पहिल्या २४ तासांनी युनिट थांबवून पुन्हा आवळा, आठवड्याने पुन्हा. रेघ सरकलेली दिसली किंवा पिनभोवती लालसर बारीक धूळ दिसली तर युनिट लगेच बंद. ती धूळ म्हणजे आत धातू धातूवर घासतो आहे. दर फेऱ्याला एक ठोका ऐकू येत असेल तर तोही याच रोगाचा.

हे सगळं करताना ब्रेक लावून क्रँक साखळीने किंवा पॉलने अडकवा, मोटरचा पुरवठा कुलूप लावून तोडा आणि पॉलिश रॉड (सगळ्यात वरचा गुळगुळीत रॉड) स्टफिंग बॉक्सपाशी, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या सीलपाशी क्लॅम्प करा. ब्रेकच्या भरवशावर क्रँकखाली जाऊ नका.

पॉलिश रॉडबद्दल दोन शब्द. तो बहुतेक वेळा क्लॅम्पच्या लगेच खाली तुटतो, कारण कॅरियर बार आडवा सपाट नसतो आणि प्रत्येक स्ट्रोकला रॉड तिथे वाकतो. बारखाली पत्र्याचा तुकडा घालून समतल करणं हा उपाय नाही, आधी हॉर्सहेड विहिरीच्या मधोमध आणा. पॉलिश रॉडला पॉलिश रॉड कपलिंगच लावा, आणि ते कपलिंग खालच्या रॉडच्या माळेत कधी जाऊ देऊ नका.

मस्कतकर

पीसीपीवाल्यांसाठी (फिरत्या स्क्रूसारखा पंप वापरणाऱ्यांसाठी) छोटीशी भर. तिथे रॉड फिरतात, त्यामुळे पंप जड झाला की जॉइंट चालतानाच आणखी आवळले जातात आणि पिन जास्त ताणतात. टॉर्क मर्यादा ड्राइव्हवर सेट करा. बंद केल्यावर रॉड उलटे फिरतात, ब्रेक सावकाश सोडणारा नसेल तर जॉइंट सुटतात. तिथल्या तुटलेल्या पिनवर अर्धचंद्राऐवजी पिळलेला पृष्ठभाग दिसला तर कारण टॉर्क.

शिफ्ट_इंचार्ज

खूप मदत झाली. शेवटचा प्रश्न. तुटलेली माळ वर आल्यावर बाकीचे रॉड आणि कपलिंग पुन्हा वापरायचे का? आणि जॉइंट उघडत नसेल तर रिगवर कपलिंगवर हातोडा मारतात, ते चालतं का?

टूलरूम

हातोडा मारलेलं कपलिंग सरळ भंगारात. घावाच्या जागी धातू कडक होतो, खाच पडते, आणि पुढचा तडा तिथेच. त्याच्या आतल्या पिनही तपासा. उघडत नसेल तर टाँगनेच, आणि तरीही नाही उघडलं तर कपलिंग कापा. कपलिंग स्वस्त, फिशिंग महाग.

एक पिन ढिली होती म्हणून तुटली असेल तर त्याच टाँगने, त्याच दिवशी केलेले शेजारचे जॉइंट तसेच असण्याचा संभव आहे. तुटलेल्याच्या वर-खाली प्रत्येक जॉइंट उघडून तोंडं बघा. घासल्याची चमक असेल तर पिन आणि कपलिंग दोन्ही बाद. कपलिंगचा तडा आतून सुरू होतो, पिनचे आटे जिथे संपतात त्याच्या समोरच्या आट्याच्या तळाशी, त्यामुळे बाहेरून निर्दोष दिसतो. संशय असेल तर मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक आणि लोहचूर्णाने तडा शोधायची) तपासणी, नाहीतर त्या भागातली सगळी कपलिंग नवी. आटे गो आणि नो-गो गेजने. वाकलेला रॉड सरळ करून लावू नका, तो बाकाच्या जागी नक्की तुटतो.

वाचलेले रॉड पुन्हा लावाल तेव्हा कार्डचा जुन्या रॉडचा स्तंभ, ३/४ ला ५.६ मिमी. मात्र जुन्या पिनवर नवं कपलिंग आलं तर हाताने घट्ट केल्यावर फीलर लावून बघाच.

शिफ्ट_इंचार्ज

फट मोजली. डाउनस्ट्रोकच्या शेवटी कॅरियर बार आणि क्लॅम्पमध्ये जवळपास बोटभर अंतर दिसतं. वेग ४ स्ट्रोकवर आणायला सांगितलं आहे. पुढच्या पुलिंगला (माळ वर काढू तेव्हा) सिंकर बार, खालच्या भागातली सगळी कपलिंग नवी आणि दर दहाव्या जॉइंटला कार्ड, असं काम लिहून दिलं आहे. तुटलेल्या पिनच्या दोन्ही अर्ध्या भागांना तेल लावून प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलंय, कुणी साफ करू नये म्हणून.

टूलरूम

हे फार बरं केलंत. तुटलेली तोंडं एकमेकांवर जुळवून बघू नका आणि वायर ब्रश लावू नका, अर्धचंद्रावरच्या रेघा पुसल्या जातात. कपलिंग कापायचं असेल तर तुटलेल्या तोंडापासून लांब, आणि गॅसने नको, पाणी सोडत करवतीने.